तिसरा फोटो

प्रिय तनू,

काल मला चाळीस वर्षं पूर्ण झाली. कॉलेजात ठरवलं होतं आपण, चाळिशी लागली की दोघींनी घर, ऑफिस सगळं सोडून एक दिवस शहरात मनासारखं हिंडायचं. तू नाशिकला, म्हणून एकटीच निघाले. सकाळी विद्यापीठाजवळचं फोटोंचं प्रदर्शन बघितलं. दौलताबादच्या किल्ल्यातली वटवाघळं, सोयगावकडचे मेंढ्यांचे कळप. एका धनगर आजीच्या फोटोपुढं तर मी दहा मिनिटं उभी होते. लई मिश्कील हसत होती. तू हवी होतीस.

दुसरं प्रदर्शन निराला बाजारजवळ, पाच-सहा हौशी लोकांनी मिळून भरवलेलं. कोपऱ्यात तीन फोटो एका ओळीत होते. पहिल्यात एक बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, पाठमोरी. तिच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग दिसला आणि ओळखलं, ती तू होतीस. दुसऱ्यात भाजीच्या गाडीजवळ तूच, दुरून टिपलेली. तिसऱ्यात तू नव्हतीस. तुझं नाशिकचं स्वयंपाकघर होतं. आपण दोघींनी ठोकलेली ती वाकडी फळी, ओट्यावर तुझा अर्धा प्यालेला चहा. फोटो घराच्या आतून काढला होता. खाली नाव होतं, ऋतुराज. ज्या नवऱ्याच्या घरातून दोन वर्षांपूर्वी तू अंगावरच्या कपड्यांनिशी निघालीस, तोच.

तशीच बाहेर पडले. रिक्षा करून स्टेशन रोडवरच्या त्या जुन्या हॉटेलात गेले. तिथला बार बघायचा हेही आपलं ठरलेलंच. दुपारचे तीन, आत शुकशुकाट. पितळी दिवे, गुळगुळीत लाकडी काउंटर. ओल्ड फॅशन्ड नावाचं व्हिस्कीचं कॉकटेल मागवलं. संत्र्याच्या सालीचा वास छान होता, पण ग्लास तसाच ठेवला. तेवढ्यात वेटरनं दुसरा ग्लास आणून ठेवला. "त्या साहेबांकडून." ऋतुराज शेजारी येऊन बसलासुद्धा. दाढी नीट कोरलेली, आवाज मऊ. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रेया. फोटो आवडले? तिला अजून दाखवले नाहीत. शनिवारी स्वतः नेऊन देणार आहे." मी उठले, तर म्हणाला, "तिचा गुडघा कसाय आता?" गुडघ्याचं तू परवा फक्त मला लिहिलं होतंस, फोनवर.

म्हणून फोन केला नाही, मेसेजही नाही. माझ्या राजेंद्रदादाच्या हाती हे पत्र देतेय, तो आजच गाडी घेऊन नाशिकला निघतोय. आणि तनू, तुझा पत्ता माझ्याकडूनच गेला गं. दिवाळीत ऋतुराज आमच्या दारात आला होता, तुझी पदवीची प्रमाणपत्रं घेऊन. रडला. कुरियरनं पाठवतो म्हणाला, आणि मी माझ्या हातानं पत्ता लिहून दिला. ती तुला मिळालीच नाहीत, हे कळलं तेव्हाही तोंड उघडायची हिंमत झाली नाही. माफी मागायला लिहीत नाही. आज गुरुवार आहे. पत्र वाचून झालं की दादाबरोबर आधी पोलीस ठाण्यात जा, फोन त्यांच्याकडं दे, आणि मग ते घर सोड. कुठं जातेस ते मलाही सांगू नकोस.

तुझीच,
श्रेया