लाटण्याला ऐकू आलेली टकटक

तात्या,

माझी तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. शब्दरूपं तुम्ही झोपेतून उठवून म्हणवून घेतलीत, पण नखांत बसलेलं मोटारीचं काळं तेल कशानं निघतं, हे एकदाही सांगितलं नाहीत. राख झाली, चिंच झाली, शिकेकाई झाली. संध्येला बसलो की पळीतल्या पाण्यावर मोरपंखी तवंग येतो. हा दोष शिष्याचा नव्हे.

मोटार कुठली, असं विचाराल. तुम्ही प्लेगात गेलात तेव्हा असलं काही नव्हतं. आता महाराजांच्या राज्यात रस्त्यावर दिसतात त्या. शिरोळकडच्या एका इनामदारांनी आईच्या वर्षश्राद्धाला गोदानाऐवजी मला आपली जुनी मोटार दिली. गाय निदान दूध देते. ही नुसती पिते. शिवाय गगनबावड्याच्या वाटेवर चढ आला की बसकण मारायची. त्यावर पेठेतल्या लेथवाल्या मिस्त्रींनी उपाय काढला. इंजिनात कॅमशाफ्ट म्हणून एक दांडा असतो. त्याच्यावरचे उंचवटे फिरता फिरता झडपा उचलतात. मिस्त्रींनी मुंबईहून जरा चढत्या उंचवट्यांचा दांडा आणवून बसवला. झडपा जास्त उघडणार, इंजिन मोठा श्वास घेणार. पण मग सगळा मेळ नव्याने जुळवावा लागतो: पेट्रोल किती, ठिणगी कधी, आणि झडपेखाली फट केवढी. फट जास्त राहिली तर टकटक वाजते. मिस्त्री म्हणाले, पातळ पत्रा सरकवून फट मोजू. मी म्हणालो, उभा जन्म पोरांना संथा देण्यात, त्यांचे उच्चार पारखण्यात गेला, पत्रा कशाला? मी कानानं लावतो.

आणि लावलं. इंजिन कसं एका लयीत गुरगुरत होतं! मी डोळे मिटून ऐकत होतो, तुम्ही ऐकायचात तसा. तुम्ही आत पाटावर जेवताय, आम्ही ओसरीवर घोकतोय, आणि आमटीचा भुरका मधेच थांबवून तुम्ही म्हणता, "त्या खांबाजवळच्याला गप्प करा." खांबाजवळ बहुधा मीच असे.

तेवढ्यात दूध घालणारी म्हातारी दारात थबकली. "व्हय वो शास्त्रीबुवा, गाडीत पोहं कांडाय कुणाला बसवलंय?"

मी तिला सांगितलं की म्हशी राखून मोटारीतलं कळत नसतं. मग मिस्त्री आले, मान तिरकी करून उभे राहिले आणि वाजतंय म्हणाले. मला काहीच वाजत नव्हतं. म्हणजे लोक म्हणतात तो आवाज असेल तर तो यांच्या दांड्याचाच, असा न्याय मी भर गल्लीत लावला. खोटा माल गळ्यात मारलात, इथपर्यंत बोललो. त्या माणसानं शांतपणे हात पुसले.

"दांडा काढून परत न्हेतो की. पण शास्त्रीबुवा, एकदा लाकूड लावून ऐका, मग बोला."

बायको आतून लाटणं घेऊन आली. त्याचं एक टोक मी इंजिनावर टेकवलं, दुसरं माझ्या कानामागच्या हाडावर. टक टक टक टक. काढलं, नुसती गुरगुर. पुन्हा लावलं, पुन्हा टकटक. तीन-चारदा करून पाहिलं, तात्या. आवाज होता. तो लाटण्याला ऐकू येत होता.

"अहो, मला चुलीपाशी ऐकू येतंय," बायको हळूच म्हणाली. "तुम्हाला खरंच येत नाही?"

येतंय की, म्हणालो. लाटणं कानामागे धरूनच झडपेखालची फट कमी करणारा स्क्रू पिळत गेलो, टकटक थांबेपर्यंत. गाडी आता चढ लीलया चढते. मिस्त्रींना मी सांगितलं की स्क्रू ढिला पडला होता. ते बरं म्हणाले. माफी मागायला तोंड उघडलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मिटून ठेवलं. ती लाज अजून उतरलेली नाही.

हे पत्र घरात कुणाला दाखवता येत नाही आणि तुम्हाला पोचत नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुमच्या जागेवर बसून मी रोज संथा देतो. पोरं म्हणतात, मी मान डोलावतो. गेलं वर्षभर त्यांचं फारसं काही चुकतच नाही, आणि आपण शिकवायला चांगले झालो, असं मी समजत होतो. एकदा कंठात बसलेली चूक जन्मभर निघत नाही, आणि ती पोरं उद्या दुसऱ्यांना शिकवणार. मला नीट ऐकू येत नाही, तात्या. हे सांगितलं तर ती जागा सोडावी लागेल, आणि मला दुसरं काही येत नाही.