हँडलची गाडी आणि बटणाची गाडी

मिरज, मार्च १९४७. मंगळवार, दिवेलागण.

आज हे आणि मी टॅक्सीसाठी गाडी बघायला सांगलीला गेलो. गॅरेजात दोन उभ्या होत्या. एक वीस वर्षांपूर्वीची, उंच, पितळी दिव्यांची, हँडल मारून सुरू होणारी. दुसरी लढाईच्या जरा आधीची, बुटकी, गुळगुळीत. बटण दाबलं की सुरू.

ह्यांचा जीव जुनीवर. पलटणीत जायच्या आधी तसल्याच गाडीवर शिकलेले. पितळी दिवे हाताने पुसत राहिले. मग हँडल धरलं. लढाईत उजव्या हाताची तीन बोटं गेलीत, पकड बसेना. दोनदा सुटलं. गॅरेजवाले चाचा दुसरीकडे बघू लागले. मला राहवेना. पदर खोचला, पुढे झाले आणि दोन्ही हातांनी हँडल फिरवलं. गाडी धडधडली!

"हीच घ्या. रोज सकाळी हँडल मी मारीन की," मी म्हटलं.

हे माझे काळे झालेले तळवे बघत राहिले. रागावले का? कळेना. मग चाचांना म्हणाले, "आमाला बटनाचीच द्या."

नव्या गाडीतून येताना मनात तेच घोळत होतं. उगाच पुढे झाले का? त्यांची आवड माझ्यामुळे राहिली का? ते पितळी दिवे डोळ्यांसमोरून जाईनात. शेवटी विचारलंच, "आवं, वाईट वाटलं का?"

"न्हाई गं. तुज्या हातात एवढा जोर हाय, त्यो हँडलावर कशाला घालवायचा?"

गाडी थांबवून हे उतरले, वळसा घालून आले आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडं. चालवायला शिकवतो."

सरकले.