खात्यात भरलेली कॅसेट

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेलं पत्र मी वाचून दाखवायची आणि तुम्ही कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत ते ऐकायचात. त्यामुळे हे पत्र लिहिण्यात तसा काही अर्थ नाही, हे मला कळतं. तुम्हाला जाऊनही वीस वर्षं उलटून गेली. पण तुमच्या त्या कॅसेटबद्दल मी एक खोटं बोलले होते, आणि ते कबूल करायचं तर तुमच्याकडेच करायला हवं. मायकडेही करायला हवं, पण तिचं पुढे सांगते.

आपल्या खोलीपासून चार गल्ल्या सोडून, कतारगामातच तुमचं खातं. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात, हे मला पुढे लोकांना समजावून सांगावं लागलं. चाळीस साचे, म्हणजे माग, एका वेळी धडधडत असायचे, आणि तिथे तोंडाने आवाज काढून बोलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. म्हणून तुम्ही सगळे ओठांनी बोलायचात. ओठ मोठे मोठे करायचे, भुवया उडवायच्या, आवाज मात्र बिलकूल नाही. मी डबा घेऊन दारात उभी आहे आणि चार साच्यांपलीकडून तुम्ही नुसत्या ओठांनी विचारता आहात, ‘कसानी भाजी शे?’ मीही तशीच ओठांनी सांगते, ‘गिलकानी.’ तुम्ही तोंड वाकडं करता. ते बोलणं मला अहिराणीइतकंच लहानपणापासून येत होतं. घरीही तुम्ही विसरून तसंच बोलायचात. मग माय करवादायची, “आवाज काढा ना, आठे काय खातं शे का?” तोवर तुमचे कान इतके गेले होते की आपला आवाज निघतोय की नाही, हे तुमचं तुम्हालाही समजत नसे.

मग मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जर्मनीला गेले, कापडाची यंत्रं शिकायला. तुम्ही अख्ख्या खात्याला सांगितलंत, “मनी पोर साचानं शिकाले चालनी.” साच्याचं शिकायला समुद्रापार कशाला जावं लागतं, हे कोणालाच कळलं नसणार, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले. तिथे पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हणाले, कापडाच्या उद्योगात आहेत. तिला वाटलं आमचा कारखाना आहे. मी तिला तसं वाटू दिलं. पुढे दोन वर्षं तेच चाललं, आणि खरं सांगते आबा, मला ते आवडत होतं.

घरून कॅसेटी यायच्या. पहिली मायने भरली होती. तिच्यात भाजीवालीची गुजराती हाक होती, कुकरच्या शिट्ट्या होत्या आणि मी जेवते की नाही हा प्रश्न सात वेळा होता. दुसऱ्या हिवाळ्यात एक कॅसेट आली, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. लावली तर नुसते साचे. खटखट, खटखट, पंचवीस मिनिटं. मी पुढे ढकलली, मागे घेतली, बाजू उलटली. मला वाटलं, टेप चालू राहिला असेल. मग असंही वाटलं की मी साच्यांवर शिकतेय म्हणून तुम्ही मुद्दाम साच्यांचा आवाज पाठवला असेल. ही दुसरी समजूत मला सोयीची पडली, कारण माझं पुढचं टिपण नेमकं त्यावरच होतं: जुन्या मागांचा आवाज आणि विणकराचं शरीर.

तुमची कॅसेट मी वर्गात लावली. मुलांनी कानांत बोटं घातली, दोघं तिघं हसले. मी फळ्यासमोर उभी राहून सांगितलं की या गोंगाटात माणसाने वर्षानुवर्षं काम करणं हा अपराध आहे. त्याचे कान जातात, उडणाऱ्या तंतूंनी छाती जाते, त्याला वेळीच तिथून बाहेर काढलं पाहिजे. प्राध्यापक खूश झाले. ध्वनिमुद्रण कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आमच्या शहरातल्या एका कारखान्यातलं.

वर्ग संपल्यावर प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. म्हाताऱ्या होत्या, तरुणपणी गिरणीत माग चालवलेल्या. त्यांनी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, “इथे कोणीतरी बोलतंय. श्वास आदळतोय माइकवर, ऐक.” मग डोळे उघडून माझ्यासमोर ओठ मोठे मोठे करून त्या काहीतरी बोलल्या, आवाज न काढता. “आम्हीही असंच बोलायचो,” त्या म्हणाल्या. “कोण आहे तो माणूस?”

मला त्या क्षणी सगळं समजलं. तुम्ही टेप खात्यात नेला होतात. साच्याजवळ उभे राहून, तिथे जसं बोलतात तसं बोलला होतात, पंचवीस मिनिटं. तिथल्या माणसांना समजतं तर टेपलाही समजेल, यात तुम्हाला शंका वाटायचं काही कारणच नव्हतं. मी बाईंना म्हणाले, “माहीत नाही. असेल कोणी कामगार.”

त्यानंतरच्या रविवारी तुमचा फोन आला. तुम्ही पीसीओमध्ये उभे, मी वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या फोनवर. पाठीमागे रांगेत तिघी, त्यांत आमचा कारखाना आहे असं समजणारी ती मैत्रीण. तुम्ही ओरडताय, “कॅसेट भेटनी का? ऐकी लिधी का पुरी?” ऐकली नाही म्हणायचं, तर तुम्ही सगळं पुन्हा सांगणार आणि मला ओरडून ओरडून अहिराणीत उत्तरं द्यावी लागणार, त्या तिघींसमोर. मी म्हणाले, “हां आबा, ऐकी.” तुम्ही विचारलंत, “मंग काय म्हनस तू?” काय विचारलंय ते मला ठाऊक नव्हतं. कुठल्याही प्रश्नाला चालेल असं उत्तर मी शोधलं आणि एकदाच मोठ्याने ओरडले, “जसं चालू शे तसं चालू द्या!” तुम्ही म्हणालात, “बरं बेटा.” फोन ठेवताना मला हायसं वाटलं होतं.

तुम्ही काय विचारलं होतंत, ते मला चार वर्षांनी कळलं, तुमच्या दहाव्याला. पाहुणे जेवून गेले होते, माय ताटं आवरत होती. ती म्हणाली, कॅसेट पाठवली त्याच्या आधीच डॉक्टर म्हणाला होता, छाती खराब झाली आहे, खातं सोडा. तुम्ही तिला ते कळू दिलं नव्हतं, अंथरूण धरल्यावर सांगितलंत. टेपही म्हणूनच खात्यात नेला होतात, तिच्या कानांवर जाऊ नये म्हणून. पोर साच्याचं शिकली आहे, तिला सगळं ठाऊक असणार, ती सोडा म्हणाली तर सोडतो, असं तुमचं ठरलं होतं. “तूच सांगेल व्हतं ना, चालू द्या म्हनीसन,” माय म्हणाली. “मंग त्यासनी नही सोडं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी शिकलेली, म्हणजे विचार करूनच सांगितलं असणार, असं तिला वाटत होतं.

तेव्हा मी म्हणू शकले असते की माय, मला काही ऐकूच आलं नव्हतं. पण मग हेही सांगावं लागलं असतं की कोणीतरी बोलतंय हे मला कळलं होतं, तरी मी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही. मी मान खाली घालून ताटं पुसत राहिले. माय आता पंचाहत्तरीची आहे, माझ्याकडेच असते. अजूनही कोणी तुमचा विषय काढला की ती सांगते, पोरीला विचारल्याशिवाय त्यांनी काही केलं नाही. आणि मी चहा टाकायला उठते.

कॅसेट माझ्याकडे आहे. मधूनमधून लावते. एका जागी खटखटीच्या मध्ये दोन फुंकरी येतात, लागोपाठ. तिथे बहुतेक तुम्ही ‘पोरी, पोरी’ म्हणता आहात. बाकीचं काही ओळखू येत नाही. तुमचे ओठ दिसले असते तर एक शब्दही सुटला नसता.

हे पत्र इथवर लिहून आत्ता तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवलं. सगळं, पहिल्यापासून, ओठ मोठे मोठे करून. आवाज काढला नाही. तुम्हाला तसंच समजतं म्हणून, असं मी लिहिणार होते. पण माय शेजारच्या खोलीत जागी आहे.