जिन्याची वायरिंग आणि माझी मनःशांती

३ मार्च, सोमवार
आजपासून नवीन आयुष्य. युनिट टेस्टमध्ये वायरमनच्या अख्ख्या वर्गात माझा नंबर शेवटून दुसरा. शेवटचा जो आहे, तो परीक्षेला आलाच नव्हता. सर म्हणाले, याला कारण मोबाईल. पटलं. म्हणून ताबडतोब मोबाईलचा वापर कमी करणारं अ‍ॅप घेतलं. सोबत झोप मोजणारं आणि मन शांत ठेवणारंही. सुधारायचं तर पूर्ण तयारीनिशी.

५ मार्च, बुधवार
मनःशांतीचं अ‍ॅप वर्कशॉपमध्ये सारखं टिंग करून विचारतं, आत्ता कसं वाटतंय? इतक्या आपुलकीने घरातही कुणी विचारत नाही. दर वेळी ‘उत्तम’ दाबलं. माझा जोडीदार फ्यूज तेव्हा शिडीवर पाइप धरून स्क्रू मागत होता. पटकन तापतो म्हणून त्याचं नाव फ्यूज. मी खालीच होतो, पण ‘उत्तम’ दाबत होतो. पाइप त्याच्या पायावर पडला. मग फ्यूज जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

८ मार्च, शनिवार
येत्या शुक्रवारी प्रॅक्टिकल. जिन्याची वायरिंग: खालच्या बटणाने दिवा लावायचा, वर गेल्यावर वरच्या बटणाने विझवायचा. सगळे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिले, म्हणजे अभ्यासही दुप्पट. ये, बोर्डवर करून बघू, असं सांगायला फ्यूजचे फोन येत होते. उचलले नाहीत. फोन उचलला की व्हिडिओ मध्येच थांबतो. ताई शिलाई मशीनवरून म्हणाली, व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकलंय का? तिला थिअरीचं महत्त्व नाही.

११ मार्च, मंगळवार
वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी आपापल्या बोर्डांचे फोटो टाकलेत. सगळ्यांचे दिवे लागलेत. जेवण गेलं नाही. मनःशांतीच्या अ‍ॅपने ठोके मोजून कळवलं, तुमचा ताण वाढला आहे. ते वाचून आणखी वाढला. झोपेचं अ‍ॅप म्हणतं, तुमची झोप अपुरी आहे. असणारच, रात्रभर त्याचाच आलेख बघत असतो. सगळ्या फोटोंना अंगठा मात्र दिला. माणसाने मन मोठं ठेवावं.

१४ मार्च, शुक्रवार
मोबाईल बाहेर ठेवायला लावले. हात एकदम पोरके झाले. डोक्यात व्हिडिओतला माणूस भराभर बोलत होता, पण वायर आजवर त्याच्याच हातात होती, माझ्या नाही. दोघांना मिळून एक बोर्ड. पाइप आणि बटणं फ्यूजने बसवली, जोडणी मी हट्टाने मागून घेतली. आणि दिवा लागला! पहिल्या फटक्यात! फक्त विझेना. खालचं बटण दाबलं, वरचं दाबलं, दोन्ही दाबली. शेवटी सरांनी मेन स्विच पाडला आणि म्हणाले, छान दिवे लावलेस. सरांच्या तोंडून पहिल्यांदाच कौतुक ऐकलं.

१७ मार्च, सोमवार
ते कौतुक नव्हतं. दोघंही नापास. फ्यूज आयुष्यात पहिल्यांदाच. त्याने सरांकडे दुसरा जोडीदार मागितला. सर म्हणाले, पुढच्या सोमवारी फेरपरीक्षा, तोवर हाच. फ्यूज माझ्यावर ओरडला नाही. तो न तापणं जास्त भयंकर.
अ‍ॅपने विचारलं, कसं वाटतंय? ‘उत्तम’वर बोट नेलं, दाबवेना. घरी ताईला खरं ते सांगितलं. झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की हात मोबाईलकडे जातो, सगळे पुढे गेले आणि मी एकटाच मागे राहिलो असं वाटतं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनचा ताण. ताईने मशीन थांबवलं, मला जेवायला वाढलं, शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, आधी ती तिन्ही भुतं काढून टाक, आणि त्या पोराची माफी माग.

२० मार्च, गुरुवार
अ‍ॅप काढली. फ्यूजच्या घरी गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं. तो म्हणाला, बोलू नकोस, वायर सोल. सोलली. जोडली, चुकली, पुन्हा जोडली. मी बटणांना वळसा घालून वीज थेट दिव्यात सोडत होतो, हे हाताने केल्यावर दिसलं. शेवटी दिवा लागला आणि विझलासुद्धा! मग आम्ही दोघं लाव-विझव करत बसलो, ते त्याची आई ओरडेपर्यंत. फ्यूज हसला. आज भूक लागली.

२४ मार्च, सोमवार
पास! काठावर, पण काठसुद्धा पलीकडचाच असतो. फ्यूज म्हणाला, जोडीदार म्हणून चालशील, मोबाईल नाही चालणार. त्यात काय! मोबाईलवर मी संपूर्ण विजय मिळवला आहे. आपण होऊन तो ताईच्या कपाटात ठेवायला दिला आणि बजावलं, मी कितीही मागितला तरी रविवारशिवाय द्यायचा नाही. तिने शब्द दिला.

२५ मार्च, मंगळवार
सकाळी सहज मागितला. दिला नाही. दुपारी गोड बोलून मागितला, संध्याकाळी आवाज चढवून. ताई म्हणाली, तूच सांगितलंयस. आमच्या घराण्यात दिलेला शब्द पाळणारं कुणी निघेल, याची मला कल्पना नव्हती.