अक्काचं हसू कापलं तेव्हा

१९ मे, सोमवार
उपास, आणि शूटिंग नेमकं आजच. सायकलला भोंगा बांधून बारशा-जावळाला फिरणारा माणूस आज पुण्याच्या लोकांचा 'साउंडवाले दादा'. बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

मानसीताईंचा माहितीपट. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरींची लवकर होणारी लग्नं. आजची मुलाखत आमच्या अक्काची. ती आपणहून तयार झाली. "शीतल मला बोलू देत न्हाई. फिल्लम तर बघंल!" नववीतनं काढून लग्न लावलेली लेक. दोन वर्षांत नवरा सोडला, आता गेवराईला दवाखान्यात कामाला आहे. नांदूरघाटची, आमच्या गावची, वाट तिनं कधीच सोडली.

मा.ताईंनी विचारलं, "लग्न ठरवताना शीतलला विचारलं होतं का?"

अक्का हसली. तिचं ते नेहमीचं. बाप गेला तेव्हा तिरडीपाशी पण हसली होती. चारचौघांत रडू आलं की हिच्या तोंडातून हसूच फुटतं. त्या हसण्यातच म्हणली, "पोरीला कोण इचारतंय बाई आमच्यात!" मग थांबली. मग हळूच, हेडफोन नसता तर मलाही ऐकू आलं नसतं: "न्हाई इचारलं. इचारलं असतं तर न्हाई म्हणली असती. ते मला ठाव हुतं. म्हणून तर न्हाई इचारलं."

मी तिचा पाठचा भाऊ. मला हे कधी बोलली नव्हती. शीतलला तर...

शेवटी रूम टोन. म्हणलो, आता एक मिनिट कुणी बोलू नका, हलू नका, खोलीचा नुसता आवाज भरून घ्यायचाय. अक्का म्हणली, "रिकामं काय भरून घेता रे?" हसले सगळे. मग शांत. त्यात माझं उपाशी पोट असं गुरगुरलं की काय सांगावं. पुन्हा घेऊ म्हणलो. मा.ताई म्हणल्या, राहू द्या दादा, कुणाला कळतंय.

१४ ऑगस्ट, गुरुवार
शीतलचा फोन. "मामा, औंदा महालक्ष्म्यांना येईन म्हणते. आईला इतक्यात सांगू नको."
सांगितलं. असलं पोटात राहतंय होय? अक्कानं हातातलं काम टाकून चिंच घेतली आणि मुखवटे घासायला बसली. सणाला अजून पंधरवडा. म्हणलो, अगं झिजतील. "झिजू दे."

२० ऑगस्ट, बुधवार
मा.ताईंनी फिल्मची लिंक पाठवली. माझ्या साउंडच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून हेडफोन लावून बघितली. चांगली केलीय, नाव ठेवायला जागा नाही. कोयत्याचा आवाज, बैलाच्या गळ्यातली घंटा, सगळं आपलं, स्वच्छ. दोनदा डोळे पुसले.

मग अक्का. प्रश्न आला: शीतलला विचारलं होतं का?
आणि अक्का गप्प.
खाली मान. पदराचं टोक बोटाला. किती तरी वेळ. मग एकदम उसाचा फड. उत्तर नाहीच.

माझंच काहीतरी चुकलं म्हणून मागं घेतलं, आवाज वाढवला. त्या शांततेत, अगदी बारीक, गुरगुर.
माझं पोट!

म्हणजे ती रूम टोनची शांतता. प्रश्न खरा, चेहरा खरा, गप्प बसणंही खरं. फक्त एकमेकांचे नाहीत ते. गप्प मी बसवलं होतं तिला.

२१ ऑगस्ट, गुरुवार
मा.ताईंना फोन. चिडायचं नाही असं ठरवून केला.
"दादा, मी वाचवलं त्यांना," म्हणल्या. "ते हसणं ठेवलं असतं ना, तर लोकांनी फाडून खाल्लं असतं. पोरीचं वाटोळं केलं आणि हसते कशी!"
म्हणलो, हसणं काढा, उत्तर तरी ठेवा.
"लावून बघितलं. हसण्याशिवाय ते उत्तर पाठ केल्यासारखं येतं. आणि खरं सांगू? त्या शांततेत जास्त आहे हो."
"ताई, ती शांतता माझ्या सांगण्यावरची. माझं पोट वाजतंय तिच्यात. ऐका एकदा."
त्या म्हणल्या, "बघते. पण फिल्म लोकांपुढं गेलीय दादा, परत उघडता येणार नाही आता."

वाईट बाई नाही. अक्काच्या हातची भाकरी खाऊन गेलीय, जाताना पाया पडलीय. आणि लग्नाच्या शूटिंगमधला वरमाईचा रुसवा आपण पण कापतोच की. पण तिथं कुणाचं काही अडलेलं नसतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. आवाज लावायची दोन कामं. मधेच शीतलचा फोन. फिल्मचा तेवढाच तुकडा फिरतोय, वॉर्डातल्या पोरींनी दाखवला.
"मामा, परक्या बाईनं विचारलं तिला. समोर बसवून विचारलं. तरी एक शब्द न्हाई तोंडातनं!"
"बोलली गं ती. कापलंय ते."
"मला तुझ्याकडनं समजूत नको. मी येत न्हाई, सांग तिला."
तिच्या मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं. ते ऐकत राहिलो. मग फोन कट.

२४ ऑगस्ट, रविवार
अक्काला सांगावंच लागलं. फिल्म दाखवली. बघून म्हणली, "मी कवा गप बसले?" म्हणलो, मी गप बसवलं तेव्हा. तू कसला विचार करत होतीस गं, एवढं तोंड उतरलंय?
"चुलीवर दूध हुतं. उतू चाललं असंल म्हणून जीव खाली-वर."

मग मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं. माझ्याकडं प्रत आहे. हसणं आलं तशी कावरीबावरी झाली.
"एवढं काढ. मागचं बोललेलं तेवढं पाठव तिला."
काढता येतं. दुकानात बसून जागाही बघून ठेवली होती. श्वासावर कापलं तर कुणाच्या बापाला सांधा सापडणार नाही. माझा हात आहे त्यात.
म्हणलो, "अक्का, मग त्यांच्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?"
"तुझा फरक चुलीत घाल. माझी पोरगी हाय ती."
उठून गेली. दारातून परत आली. "तुला बरं दिसंल तसं कर. मला काय कळतंय त्या मशिनीतलं."

२६ ऑगस्ट, मंगळवार
गेवराईला गेलतो. उद्या गणपती बसणार, धंद्याचा दिवस, तरी गेलो. काही कापलं नाही. शीतलला म्हणलो, तुझी आई कशी बोलली ते सगळं ऐक, अर्धं नको. दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा सांगितला, माझा हेडफोन तिच्या कानाला लावला. आवाज बाहेर येत नव्हता. नुसता तिचा चेहरा बघत होतो.

एका जागी तो बदलला. कुठं ते मला कळलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला.
"हसतीय ती."
"पुढं ऐक, बाळा. थोडंच हाय."
"पोरीला कोण इचारतंय म्हणतीय! हसून!"
"तुझ्या आईचं हसणं तुला ठाव न्हाई का?"
"तिला रडताना बघितलंस का तू कधी? मी मांडवात रडत हुते मामा. तवा बी हसतच हुती."
चहा तसाच. ड्युटी आहे म्हणली.

एसटीत सगळा रस्ता डोक्यात एकच. मा.ताईंचं बरोबर निघालं. अक्काचं पण. माझ्या सरळपणानं काय मिळवलं? दोन श्वासांमधलं तेवढं काढलं असतं तर पोरगी आज...

३१ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या बसल्या. मुखवटे असे चमकतात की बघवत नाही. गेवराईला काय झालं ते अक्कानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दुपारी दुकानात रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं, फोन समोर धरला, व्हॉट्सॲपचं माईकचं बटण दाबून ठेवलं. प्रश्नापासून शेवटपर्यंत. मधे बोट उचललं नाही, म्हणजे कापायचा प्रश्नच नको. शीतलला खाली लिहिलं: हसण्याच्या पुढं ऐक. पाठवलं.

१ सप्टेंबर, सोमवार
पुरणाचा स्वयंपाक. माझा सोमवार, तरी अक्कानं नैवेद्याचं खायलाच लावलं. ती दाराकडं बघत होती, मी फोनकडं.

जेवण होता होता माईकचं चिन्ह निळं झालं. ऐकलं पोरीनं. उत्तर नाही. फोनही नाही.

अक्काला माझ्या तोंडावरून कळलंच.
"ऐकलं का रे तिनं?"
"ऐकलं."
"समदं?"
म्हणलो, तेवढं फोनात दिसत नाही, अक्का.
तर हसली.