वीसवर थांबायचं होतं

कळंबा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय सुष्मे,

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या अव्वा-अप्पांना नमस्कार सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद निदान कट होत नाही.

बातमी अशी, की राज्य संघाच्या निवड चाचणीचं पत्र आलंय. आईने ते देव्हाऱ्यात ठेवलं, माझ्या पदवीशेजारी. बेसबॉल म्हणजे काय ते तिला अजून नीट ठाऊक नाही. शेजारच्या बाळाबाईंना सांगत होती, "दांडक्यानं चेंडू हाणायचा आन् पळत सुटायचं. नोकरी लागती म्हणं त्यानं."

सराव चालू आहे. सायकलची ट्यूब तीच. पूर्वी एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं तुझ्या हातात असायचं. मागून ओढत तू ओरडायचीस, "कंबर फिरव की! बॅट मारतीस का ताक घुसळतीस?" आता दुसरं टोक मैदानाच्या कडेच्या लिंबाला बांधते. लिंब चांगला धरतो. पण फटका बरा बसला की नाही, हे सांगत नाही. चेंडू मीच मारते, मीच आणायला जाते.

बॅटिंगमधली चौथ्या क्रमांकाची तुझी जागा मला मिळाली. एवढं लिहायला तीन कागद फाडले.

आपल्या कोच मॅडमना कालपर्यंत वाटत होतं, तू जिन्यावरून पडलीस. तसं मीच सांगितलं होतं. तू खांदा धरून बाकावर बसली होतीस. माझ्याकडे नुसतं बघितलंस, मला खोटं पाडलं नाहीस.

बॅटच्या सरावाला वजन थोडंच घ्यायचं, हळूहळू वाढवायचं, हे पुस्तकात वाचून मीच तुला समजावलं होतं. पण आकारामकाका म्हणाले, "मुद्गल फिरवल्याबिगर खांद्यात ताकद येती व्हय?" आमच्या घरात काकांचा शब्द शेवटचा. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पुस्तक मिटून तालमीतला जड लाकडी मुद्गल उचलून आणला. पैलवान वर्षानुवर्षं कमावतात ते मी तुझ्याकडून पंधरा दिवसांत करून घ्यायला निघाले. वीस फेरे झाल्यावर तू म्हणालीस, "बास गं, खांद्यात कायतरी हललं." मी म्हटलं, "नाटकं नकोत. आणि पाच."

तेविसाव्याला आवाज आला. तो मलाही ऐकू आला होता, सुष्मे.

काल मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाचणीला जा. पण लहान मुलींचा सराव आजपासून तुझ्याकडे नाही." बरोबरच आहे. त्या दहाजणी सकाळी सहाला यायच्या. आज मैदानावर मी आणि लिंब.

मॅडम गुरुवारी तुमच्याकडे येणार आहेत. त्याआधी तुझ्या अप्पांना हे पत्र वाचून दाखव. पोरगी वेंधळी, पायाखाली बघत नाही, म्हणून त्यांनी तुझा खेळ बंद केला ना? तू पडलीच नव्हतीस. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळ्यापर्यंत खांदा भरून येईल. तोवर अप्पांचा नकारही निघायला हवा.

माझ्यासाठी ये, असं म्हणत नाही. खेळायला ये.

ट्यूबची लिंबाला मारलेली गाठ सैलच ठेवते.

वीसवर न थांबलेली,
संयोगिता