आर्जवच्या गाडीची चाकं

॥ श्री ॥
सातारा,
ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. आर्जव यास,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चातुर्मासापुरता मोबाइल सोडलास, त्यामुळे तुझं अक्षर दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं वाचायला मिळालं. ‘ळ’ अजून लंगडाच काढतोस.

दिवाळीनंतर महाराज तुला क्षुल्लक दीक्षा, मुनी होण्याआधीची पायरी, द्यायला तयार आहेत, फक्त वडिलांची अनुमती पाहिजे, ती लिहून पाठवावी, असं तू लिहिलंस. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून मी कापडाचा नमुना मागवतो तसं मागितलंस. एकदा दीक्षा झाली की घर नाही, वाहन नाही, जन्मभर पायी. मी काही लिहून पाठवणार नाही. राग नाही रे. पण ज्या हातानं तुला शाळेत घातलं त्या हातानं ही सही होत नाही, त्याला मी काय करू?

दुसरी बातमी. तुझी क्रूझर मोटारसायकल वर्षभर ताडपत्रीखाली पडून होती, ती टेंपोत घालून कराडजवळ मलकापूरला नेणार आहे. तिथं आकाराम म्हणून एक रिटायर्ड फौजी आहेत. लष्करात जन्मभर गाड्याच दुरुस्त केल्या, आता हातानं स्पोकच्या ताऱ्या भरून चाकं बांधून देतात. चार वर्षांपूर्वी तू माझ्या मागं लागला होतास ना, मागं रुंद रिम, जाड ताऱ्या, सगळं काळं, तीच चाकं करून घेतोय. रिम पुण्याहून मागवावी लागते, म्हणून माप मीच घेऊन फोनवर कळवलं. दुकानातल्या टेपनं घेतलं आणि वर दोन बोटं जास्त सांगितली. आजवर खण आळीत कुणाला कापड कमी पडू दिलं नाही, चाकाला कशाला पडू देऊ?

चाकं बसली की एकदा ये. एकदाच गाडीवर बस, कासपर्यंत जाऊन ये. अनुमतीचं मग बोलू.

माझं ठीक आहे. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून साडेपाचला दुकान सोडतो, घरी जातो, ताट वाढून घेतो, जेवतो, परत येतो. तुझी आई गेल्यावर आपण दोघं होतो तेव्हा काही वाटलं नाही. आता सगळ्यात लहान पातेलं काढलं तरी भात उरतोच.

बाकी तुला तिथं कशाची ओढ उरली नसली तरी आमची आठवण असू दे.

तुझा,
अण्णा


॥ श्री वीतरागाय नमः ॥
कवठेमळा, ता. मिरज,
ता. १३ ऑगस्ट २०२४

ती. अण्णांच्या चरणी,
आर्जवचा सा. न. वि. वि.

अण्णा, पत्र वाचायच्या आधी आकारामकाकांना फोन लावा. दोन बोटं जास्त अजिबात नको. चाक म्हणजे ब्लाउजपीस नव्हे. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं तिथं जागा अगदी मोजकी असते, आणि एका अंगाला चेन. रिम साडेतीन इंच रुंद, टायर दीडशेचा. त्याच्यावर गेलात की टायर चेनला घासणार. इतकं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं, आकडे अजून पाठ आहेत.

मी येऊ शकत नाही. चातुर्मासात संघ गाव सोडत नाही, आणि मीही गावाच्या शिवेबाहेर न जाण्याचा नियम घेतलाय. तुम्ही मात्र येऊ शकता. का येत नाही ते मला कळतं. आलात तर ‘हो’ म्हणावं लागेल, म्हणून येत नाही. तसं समजू नका. नुसतं भेटायला या.

तुमच्या अनुमतीशिवाय मी पाऊल टाकणार नाही. हे महाराजांनी सांगितलं म्हणून नाही, मलाच ते जमणार नाही. कितीही दिवस लागू देत.

भात कमी लावा आणि ताक घेत जा. पित्ताची गोळी टीव्हीच्या मागच्या डब्यात आहे.

मुलावरचा जीव आटू देऊ नये, एवढंच मागणं.

आपला,
आर्जव


सांगली,
ता. २६ ऑगस्ट २०२४

चि. मदन यास,
अक्काचे आशीर्वाद. पत्र लिहायचं कारण की तू फोन उचलत न्हाईस.

मेसेज केला तर निळी खूण येत न्हाई. साठी आली, पण रुसायची तऱ्हा तीच. लहानपणी धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायचास आणि कुणी शोधायला आलं न्हाई की तिथंच रडायचास. आता कणगी न्हाई, म्हणून सातारा.

काल आमी बायका चौका घेऊन, महाराजांसाठी सोवळ्यात रांधायला, मळ्यावर गेलो होतो. महाराजांचा आहार चांगला झाला. तुझा लेक विहिरीचं पाणी गाळत बसला होता. समदी त्याला भैय्याजी म्हणतात, माझ्या तोंडात आर्ज्याच येतं. वाळलाय, पण तोंडावर कळा हाय. खोटं कशाला सांगू, दोन महिन्यांत कंटाळून परत येईल असं मीच घरात म्हणत होते. काल बघितला आणि ते मनातनं गेलं.

तुझं पत्र त्यानं वहीत घडी घालून ठेवलंय. मला वाचून दाखवलं. दोन बोटांवर आमी दोघं लय हसलो. भाताचं आलं तसा थांबला आणि पाणी आणायला म्हणून उठून गेला. घागर भरलेलीच होती.

मदन, नवी चाकं दाखवून पोराला ओढणार व्हय तू? पेंढी दाखवली की मागं यायला ते वासरू न्हाई. तुझं दुःख मला कळत न्हाई असं समजू नको. चंदना गेली तवा तो सोळा वर्षांचा. भाकरी थापायला तू माझ्याकडनं फोनवर शिकलास, नकाशे करत करत. पण आता तो तुझ्या ‘हो’साठी बसून हाय आणि तू त्याच्या येण्यासाठी. दोघं दोन गावांत बसलायसा. त्याला नियम हाय, तुला कसला हाय?

फोन उचल. बहिणीवर राग धरून कुणाचं भलं झालेलं न्हाई.

तुझी,
अक्का


सातारा,
ता. ७ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
मदनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कडू होतं, पण औषधाचं होतं. फोन अजूनही उचलत नाही. जो तो आधी अभिनंदन करतो, मग आवाज खाली आणून विचारतो, एकुलता ना हो?

आर्जवचं पत्र पोहोचायच्या आत रिम येऊन पडली होती. आकारामांनी रात्रंदिवस खपून ताऱ्या भरल्या, चाक चिमट्यात घातलं, आणि टायर चेनला चिकटला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “शेट, ही काय चोळी हाय व्हय, आत शिवण घालायला?” पुन्हा रिम मागवली, आर्जवच्या आकड्यांनी. ती बसली. चाक फिरवून एका ठिकाणी खडू धरायचा, खडू लागेल तिथली तार सैल करायची, समोरची आवळायची, असं ते सबंध सकाळ करत होते. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. अक्का, वर्षभरात एवढा वेळ मी कुणाजवळ बसलो नव्हतो.

तुला खरं सांगतो. ते आकडे वाचल्यापासून मी मनात मांडे खात होतो. आकडे पाठ आहेत म्हणजे गाडी सुटलेली नाही. गाडी सुटलेली नाही म्हणजे घर सुटलेलं नाही. पत्र खिशात घेऊन फिरत होतो. आकारामांनाही वाचून दाखवलं, बघा म्हटलं, पोराचा जीव अजून इथंच आहे. ते खडू पुसत म्हणाले, “शेट, मला रिटायर होऊन अठरा वर्सं झाली. माझ्या रायफलीचा नंबर आजून पाठ हाय. म्हनून काय मी फौजेत हाय व्हय?”

त्यांना काही वाईट बोलायचं नव्हतं. चहा सांगितला त्यांनी माझ्यासाठी. मी तो तसाच ठेवून निघून आलो.

चाकं लय देखणी झालीत. आता त्यांचं करायचं काय, ते मला माहीत नाही.

भावावर मायेचा हात असू दे.

तुझा,
मदन


॥ उत्तम क्षमा ॥
सातारा,
ता. १८ सप्टेंबर २०२४

चि. आर्जव यास,
अनेक आशीर्वाद.

आज क्षमावाणी. दरवर्षी छापील कार्डं आणतो आणि नावं घालून पाठवतो. तुला छापील पाठवावंसं वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी तू चाकं मागितलीस तेव्हा मी भर दुकानात म्हणालो होतो, गाडीला काय लग्नाला उभी करायची आहे का? गिऱ्हाइकं हसली. तू नंतर कधी विषय काढला नाहीस. त्याची क्षमा.

तू संघात जायचं म्हणालास त्या दिवशी मी म्हणालो, तुझी आई असती तर तू गेला नसतास. ते मी तुला लागावं म्हणूनच बोललो. गेलेल्या माणसाचं नाव मी काठीसारखं वापरलं. ती असती तर कदाचित तुझी पिशवी तिनंच भरली असती. ह्याची तुझी क्षमा, आणि तिचीही.

आणि ही चाकं. ती प्रेमानं केली असं मी सगळ्यांना सांगितलं. मासा धरायला गळ टाकतात तशी केली होती. त्याचीही क्षमा.

मी अनुमती देतो. कागदावर नाही. तिथं येऊन चारचौघांत उभा राहून सांगेन. मनापासून निघेल का, ते आज सांगता येत नाही. तोंडातून निघेल एवढा शब्द देतो.

आशीर्वाद तर आहेतच. ते मागं घेता येत नाहीत.

अण्णा


कवठेमळा,
ता. ६ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांच्या चरणी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळाल्यावर मी दोन दिवस उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. तुम्हाला क्षमा करणारा मी कोण? मीही तुम्हाला न सांगता आधी नोकरी सोडली, मग घरी येऊन सांगितलं. तुमचं ताट एकट्याचं केलं. त्याची मला क्षमा करा.

दीक्षेचा दिवस २४ नोव्हेंबर ठरलाय, सांगलीत. आदल्या दिवशी गावातून मिरवणूक निघते, बिनोली. वाहनावर बसायचा तो माझा शेवटचा दिवस. समाजानं सजवलेली बग्गी सांगितली होती. मी महाराजांना विचारलं, बग्गीऐवजी वडिलांच्या मागं गाडीवर बसलो तर चालेल का? ते हसले आणि म्हणाले, वडिलांना विचार.

म्हणून विचारतो. चाकं वाया गेली नाहीत अण्णा. पण गाडी तुम्ही चालवायची. टेंपोत घालून आणायची नाही. तुम्हाला स्कूटरपलीकडं काही येत नाही हे मला माहीत आहे, आणि दीड महिना हातात आहे.

आशीर्वाद असावा, आणि क्लच हळू सोडावा.

आपला,
आर्जव


सातारा,
ता. १ डिसेंबर २०२४

सवयीनं ‘चि.’ लिहिलं आणि खोडलं. दुसरा कागद घेतला.

पूज्य क्षुल्लकजी महाराज यांच्या चरणी,
मदनचं इच्छामि.

हे पत्र अक्काकडं पाठवतोय, ती वाचून दाखवेल. आपलं नवं नाव जिभेवर बसलेलं नाही, ते सावकाश बसेल.

मांडवात केस उपटत होते तेव्हा मी मान खाली घातली होती. अक्का म्हणाली, वर बघ, त्याच्या तोंडावर दुखल्याची खूण नाही. मी बघितलं. खरंच नव्हती. नंतर सगळे वंदनाला उठले. जन्मभर ज्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं त्याच्यापुढं मी वाकायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी कंबर वाकायला वेळ लागला. लोकांना वाटलं, संधिवात.

माइकवर मी ‘अनुमती आहे’ एवढंच बोललो. ते तेव्हा तोंडातूनच निघालं होतं. आज आठवडा झाला. आता मनातूनही आहे, बहुतेक. जेवताना नसते.

मिरवणुकीचं मात्र सांगतो. दीड महिना आकारामांनी मला सर्व्हिस रोडवर शिकवलं. तीनदा पडलो, ते कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं वाजंत्री, मागं बायकांचं गाणं आणि मध्ये आपण दोघं पहिल्या गिअरमध्ये. माझा क्लचचा हात भरून आला होता. सगळी सांगली माझ्याकडं नाही, तुझ्याकडं बघत होती. गणपती पेठेच्या कोपऱ्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि कानाशी म्हणालास, “अण्णा, चाकं सरळ पळतायत.” मला अण्णा म्हणून हाक मारलेली ती शेवटची. पुन्हा ‘तू’ लिहून गेलो, क्षमा असावी.

परत येताना मी एकटाच आलो. कराडपर्यंत गाडी नुसती उडत होती, प्रत्येक खड्ड्याला मणका मोजून घेत होती. मलकापूरला थांबलो. आकारामांनी मागचे शॉकअप दाबून बघितले आणि म्हणाले, मिरवणुकीला दोन माणसं बसणार म्हणून मीच कसून ठेवले होते, आता एकट्याच्या मानानं सैल करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. पाना घेऊन खाली बसलेसुद्धा.

मी त्यांना म्हणालो, राहू द्या. दोघांचेच असू देत.

आपला,
मदन